ओल्या भिंतीवरची रानमांजर

"सात गोळे ठेवलेत, आक्का. आता बघतो किती कोंबड्या पळवते ती मांजर!" असं म्हणून माझा भाऊ रांजणापाशी हात धुवायला लागला. एकदा धुतले, दोनदा धुतले, मग मातीनं घासून पुन्हा धुतले. फवारणीच्या औषधाचा वास माझ्यापर्यंत आला आणि हातातली थापी चिखलात पडली.

"कुठं ठेवलेस?"

"झुडपात. तिच्या जायच्या-यायच्या वाटेवर. मेलेल्या कोंबडीच्याच मांसात कालवलंय."

"अरे मेल्या, तुझी पोरगी रोज त्याच झुडपात जाते ना!"

"मग तिला आवर की. दिवसभर घरीच तर असतेस."

घरीच असते म्हणे! मी गिलाव्याचं काम करते. गावातल्या निम्म्या मातीच्या भिंती माझ्या हातच्या आहेत. त्या आठवड्यात आमच्याच कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत लिंपायला घेतली होती, कारण रानमांजर खालची माती उकरून आत शिरत होती. मी शिडीवर चढून दोन्ही हात चिखलात घालायचे आणि पाठीला डोळे लावून पोरगी सांभाळायची, असा हिशोब होता याचा.

पोरगी पाच वर्षांची. आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून माझ्याच पदराला. ऐकू अजिबात येत नाही. तोंडानं मात्र सारखं हूं हूं चालू, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणतात. तिला हाक मारून उपयोग नाही, रागावून उपयोग नाही. पायाला दोरी बांधून पाहिली, तर मी चिखल कालवेपर्यंत दातांनी गाठ सोडून पसार! मागच्या पंधरवड्यात झुडपातून आली ती हातावर ओरखडा मिरवत. पिल्लांपाशी गेल्याशिवाय रानमांजर माणसाला ओरबाडत नाही. मांजरीनं तिथं पिल्लं घातली होती, हे मला त्या ओरखड्यावरून कळलं.

"गोळे उचलून आण," मी म्हणाले.

"आणि उरलेल्या कोंबड्या गेल्यावर खायचं काय? तुझा चिखल? अकरा गेल्या, आक्का. अकरा!"

खोटं कशाला बोलू? मलाही ती मांजर मेलेलीच हवी होती. फक्त पोरगी तिकडं फिरकायला नको होती. आणि हे तिला सांगायचं कसं, या विचारानं माझी पाचावर धारण बसली.

भाऊ अंडी घेऊन बाजारला गेला. मी शिडीवरून उतरले, भुंगीला दंडाला धरून ओल्या भिंतीसमोर बसवलं आणि बोटानं एक मांजर काढली. चांगली काढली. बोटाला सवय आहे माझ्या.

पोरीनं बघितलं आणि मान हलवली. पुढं सरकून तिनं मांजरीची निम्मी शेपटी तळव्यानं पुसून टाकली. उरलेल्या शेपटीवर नखानं पट्टे ओढले. कानांच्या टोकांवर दोन दोन केस काढले. मग पाय लांब केले. इतकं बारीक बघायचं तर किती जवळ बसावं लागत असेल! मी शिकवायला निघाले होते आणि हीच मला शिकवत होती.

मी मांजरीला मोठाले दात काढले. भुंगी खूश झाली आणि मांजरीचा मुका घेतला. ओठभर चिखल. मी शेजारी डोक्यावर शेंडी बांधलेली पोरगी काढली, म्हणजे हीच, आणि मांजर तिला चावतेय असं दाखवलं. तिनं आपला ओरखडा पुढं केला आणि हसली. झालंय की बरं, असं सांगत होती बया!

मग मी मांजर आडवी काढली. मेलेली. डोळे मिटलेले. भुंगीनं मांजरीच्या पाठीवर हात ठेवून थोपटलं. निजलीय वाटलं तिला. मी कपाळ बडवून घेतलं. मेलेलं म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या बहिऱ्या पोरीला कसं काढून दाखवायचं? मला रडूच फुटलं. चिखलाचे हात, डोळेही पुसता येईनात.

तेवढ्यात आठवलं. रात्री मांजरीनं मारलेली आणखी एक कोंबडी पाटीखाली झाकलेली होती. ती उचलून आणली आणि भुंगीच्या मांडीत ठेवली. तिनं थोपटलं. हलवलं. पापणी वर करून पाहिली. ताठ झालेले पाय वाकवून पाहिले. मी तिचा हात धरून कोंबडीच्या छातीवर ठेवला, मग माझ्या छातीवर, मग पुन्हा कोंबडीच्या. तीनचारदा केलं. आणि तिची हूं हूं थांबली.

लगेच मी भिंतीवर कोंबडी काढली, ताठ पाय, डोळ्याच्या जागी नुसती रेघ. तिच्या शेजारी अंगठा दाबला. हा गोळा. भावानं हात धुतलेल्या जागेची माती तिच्या नाकाशी नेली, हा वास. गोळ्यापुढं मांजर, मांजर आडवी, ताठ पाय, डोळ्याला रेघ. दुसरा गोळा. त्यापुढं शेंडीवाली पोरगी, आडवी, डोळ्याला रेघ.

भुंगी कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले. मी तिला पोटाशी धरलं. कळलं! माझ्या लेकराला कळलं! त्या रात्री मी निवांत झोपले.

सकाळी मी नळावर गेले. भावाला बजावून गेले होते, पण तो खुराड्यात अंडी गोळा करत होता आणि अंडी मोजताना त्याला जगाचं भान नसतं. परत आले तर अंथरूण रिकामं. कळशी तिथंच टाकली. ओरडले. कुणाला ओरडत होते देव जाणे.

झुडपाकडं धावणार, तोच ती समोरून आली. अगदी हळू हळू चालत. दोन्ही हातांनी माझी थापी धरली होती आणि थापीवर ते गोळे. बोट लावलं नव्हतं. सगळे उचलून आणले होते, मांजरीनं खाऊ नयेत म्हणून.

"अगं माझे बाई!" मी थापी काढून घेतली आणि भाऊ धावत आला.

त्यानं मोजले. पुन्हा मोजले.

"आक्का, सहाच आहेत."

मी भुंगीचं तोंड हुंगलं. वास होता. पण तो थापीचा, माझ्या हाताचा की तिच्या तोंडाचा? सगळीकडं तोच वास! दवाखाना दीड तासावर. भाऊ टेंपोवाल्याकडं अनवाणी पळाला. मी तांब्याभर मिठाचं पाणी कालवलं, पोरीला गुडघ्याखाली दाबलं आणि तिच्या तोंडात ओतायला लागले. ती लाथा झाडत होती, गुदमरत होती. मी दात उघडण्यासाठी बोटं घातली, ती कडकडून चावली. "ओक गं, ओक! तुझ्या पाया पडते!" मी ओरडत होते आणि तिला त्यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की आत्या आपला जीव घेतेय.

एकदा ओकली, नुसतं पाणी. दुसऱ्यांदा ओतणार, तर हातातून निसटली आणि खुराड्याकडं पळाली. कालची भिंत वाळली होती. तिनं घमेल्यातला चिखल ओंजळीनं घेतला, भिंतीवर थापला, तळव्यानं सारखा केला, अगदी मी करते तसा. मग अंगठा दाबला. अंगठ्यापासून रेघ ओढली. रेघेच्या टोकाला मांजर काढली. आखूड शेपटी, पट्टे, कानावर केस. आडवी. पाय ताठ. डोळ्याच्या जागी रेघ. पोटाशी तीन ठिपके.

"मांजरीनं खाल्ला!" मी किंचाळले. "मांजरीनं खाल्ला रे! हिनं नाही!"

आणि मी हसले. भाऊ टेंपोवाल्याला घेऊन आला तेव्हा मी चिखलात बसून हसतच होते, टाळ्या वाजवत होते. भाऊ भिंत बघून तसाच झुडपात गेला आणि आला. "खरंय. पडलीय. पिल्लं लुचतायत तिला," म्हणाला. माझं हसू तरी थांबेना. आमची पोरगी जिवंत होती, मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

भुंगी मात्र माझ्याकडं बघत होती. जिला वाचवायला ती गेली होती ती मांजर मेली आणि आत्या टाळ्या पिटत होती. तिनं माझ्याकडं पाठ केली.

पिल्लं आम्ही घरी आणली. कापडाची वात करून दूध पाजलं. दोन गेली, एक जगलं आणि दात फुटल्यावर एका सकाळी मागं न बघता झुडपात निघून गेलं. गेल्या महिन्यात परत एक कोंबडी गेली. भावानं पिसं गोळा केली आणि खुराड्याला दगड लावत बसला.

भुंगी आता माझ्याशी नीट वागते, जेवते, कुशीत झोपते. तिला समजावायला मी अजून भिंतीवर काढते, बैल, विहीर, साप, बाजारला गेलेला बाप. पण ती आधी चित्राजवळ येते, बोटानं प्रत्येकाचा डोळा चाचपते आणि तो नीट गोल, उघडा आहे की नाही ते बघते. तोवर माझ्या हातावर विश्वास ठेवत नाही.