मांडवात न दिलेली ओळख

बेबाबाईंनी दारात चपला भिरकावल्या आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच सारिका मॅडमवर तोंड सोडलं.

"मले सांगा, परवा मांडवात मी काय मेली व्हती?"

रागवायला कारणही तसंच होतं. पोरगा योगराज मोटारसायकलवरून पडून गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाईंच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून डॉक्टरांनीच त्यांना या समुपदेशक बाईंकडे धाडलं. दर बुधवारी असोद्याहून एसटीनं जळगावला यायचं आणि या खोलीत पोटातलं सगळं ओतायचं. नवऱ्यापुढे रडल्या नाहीत एवढ्या इथे रडल्या. आणि परवा असोद्यातल्याच एका लग्नात ही मॅडम नवरीकडून आलेली. समोरासमोर गाठ पडली, डोळ्याला डोळा भिडला, आणि ती सरळ पुढे निघून गेली. ना नमस्कार, ना हसणं. अहो, मांडवात भाऊबंदकीतला वैरीसुद्धा 'कधी आले' म्हणून विचारतो. म्हणजे वर्षभर मान हलवली ती घड्याळ बघून. तास संपला की माया संपली.

"यडी मी," बेबाबाई म्हणाल्या. "माह्या पोराचं समदं तुमाले सांगलं. तुमाले तो फाइलीतला कागद."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बेबाअक्का, तेव्हा तुमच्या शेजारी कोण होतं?"

"माही जाऊ. कमलबाई."

"तुम्ही इथे येता हे त्यांना ठाऊक आहे?"

"नही," बाई म्हणाल्या. घरी त्यांनी गुडघा शेकायला जाते म्हणून सांगितलं होतं. कमलबाईला खरं कळतं, तर दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं, की हिचं डोकं फिरलंय.

"बाहेर भेटलो तर ओळख आधी तुम्ही द्यायची, मी नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

सांगितलं असेल. त्या दिवशी बाईंना ऐकू काय येत होतं!

"पण मी बघत होते," मॅडम म्हणाल्या. "पंगतीत तुम्ही समोरच्या रांगेत होतात. घोटलेली वांग्याची भाजी मागून घेतलीत. वरणात दुसरी बट्टी कुस्करलीत. तुमच्याकडे बघता बघता माझ्या पानातलं तसंच राहिलं."

बेबाबाईंना स्वतःलाही ती दुसरी बट्टी आठवत नव्हती. त्यांनी डोळ्याला पदर लावला. राग मात्र गेला नाही. फक्त तो आता मॅडमवर नव्हता. पोटचं पोर गेलं तरी आईनं रडायचं ते चोरून, ही कुठली रीत?

असोद्याच्या स्टँडवर उतरल्या तर कमलबाई समोरच उभी. "कसा हाये गुडघा?"

"गुडघ्याले काय धाड भरली," बेबाबाई म्हणाल्या. "योगराजसाठी रडाले जाते मी जळगावले. घरात कोनी रडू देत नही म्हनून. परवा मांडवात तुह्या म्होरून एक बाई गेली ना, तिच्याकडे. माही बाई हाये ती. जाय, सांग आता गावाले."