चौदा महिने मोटारीखाली

मी एक जुना जॅक आहे आणि मित्रांनो, मला वीट आला आहे. पंक्चर झालेली मोटार उचलायला जो ठेंगणा, जाडजूड लोखंडी गडी लागतो, तो मी. पोटात तेल, डोक्यावर ओझं. ओझ्याबद्दल माझी तक्रार नाही, माझा जन्मच त्यासाठी झाला. मला किळस आली आहे ती अर्धवट कामांची.

माझी उमेदीची वर्षं थोरल्या मालकांच्या गॅरेजमध्ये गेली. त्यांचा एक नियम होता. मी मोटार उचलली की ते शेजारी लाकडाचा जाड ठोकळा सरकवायचे आणि मगच खाली शिरायचे. "जॅक उचलतो, सांभाळतो तो ठोकळा," असं ते प्रत्येक कारागिराला बजावत. दर सहा महिन्यांनी माझं तेल बदलत. "तुमचा जॅक म्हणजे पैलवान आहे हो," असं गिऱ्हाइकं म्हणाली की मी मनातल्या मनात फुगायचो.

ते गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या हाती लागलो. शेजारी याला 'इंजिनियरसाहेब' म्हणतात आणि तोंड फिरवून हसतात. मला तर याला 'ते' म्हणायलासुद्धा जीभ रेटत नाही. माणूस मनाने वाईट नाही. काही बिघडलं की बाह्या सरसावून हजर. पण नुसता आरंभशूर!

चौदा महिन्यांपूर्वी त्याने घराशेजारच्या शेडमध्ये ब्रेक बघायला मोटारीचं पुढचं चाक काढलं, मला खाली उभं केलं, शेजारी ठोकळा ठेवला. इथवर ठीक होतं. तेवढ्यात न्हाणीघराची कडी निखळली. तिच्यासाठी स्क्रू हवा म्हणून याने स्कूटर उघडली. स्कूटरचा कार्बोरेटर घाण दिसला, तो धुवायला स्वयंपाकघरात नेला, तर तिथला नळ गळत होता. मग स्कूटरचाच एक रबरी वॉशर नळात कोंबला. स्कूटर उघडीच राहिली. न्हाणीघराला आजही कडी नाही, आत गेलेल्या माणसाला मोठ्याने गाणी म्हणावी लागतात. शेडच्या भिंतीवर पेन्सिलीने कामांची यादी लिहिलेली आहे. तिच्यात एका तरी कामावर काट मारलेली मी पाहिली नाही.

पुढे कपडे धुण्याचं मशीन थडथडायला लागलं. याने काय करावं? माझ्या शेजारचा ठोकळा ओढला आणि मशीनच्या पायाखाली सारला.

"अहो, तो बाबांचा ठोकळा आहे ना?" बायकोने विचारलं.

"तात्पुरता घेतोय गं."

याच्या तोंडून 'तात्पुरता' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

आता सगळी भिस्त एकट्या माझ्यावर. माझ्या आतलं रबरी सील कधीच विरलं होतं. थेंब थेंब तेल गळू लागलं आणि मी रोज केसभर खाली बसू लागलो.

एका रविवारी सकाळी त्याला जमिनीवर तेलाचा डाग दिसला. मला वाटलं, आता तरी हा माझ्याकडे बघेल. त्याने डागाला बोट लावलं, वास घेतला आणि घरात ओरडून सांगितलं, "अगं, इंजिन गळतंय!" भिंतीवर तेरावं काम लिहिलं आणि टॉर्च घेऊन तो सरळ मोटारीखाली शिरला.

शी! तेल माझं, आणि हा इंजिन तपासतोय! बापाने जन्मभर घोकून घेतलेली एक गोष्ट, तीही डोक्यात राहिली नाही. त्याची छाती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त धरून ठेवता येतं, आणि तेच आता जमेना. मी घाबरलो होतो.

इतक्यात स्वयंपाकघरात फाट्कन आवाज झाला.

"अहो, नळ उडाला! पाणीच पाणी झालंय, लवकर या!"

"थांब जरा, महत्त्वाचं काम चाललंय!"

"तुमचाच वॉशर उडालाय, तुम्हीच या!"

तो कुरकुरत, सरपटत बाहेर आला. दारापर्यंत पोचला असेल नसेल, तोच माझं बळ सरलं. मोटार धाडकन खाली आली. तिच्याखाली राहिलेल्या टॉर्चचा चुरा झाला.

त्याच्या एका भिकार कामाने त्याला दुसऱ्या भिकार कामातून वाचवलं. याचं कौतुक करावं की यावर थुंकावं, मला अजून कळलेलं नाही.

तो पायरीवर मटकन बसला. बायको ओल्या पायांनी बाहेर आली. तिने मोटारीकडे पाहिलं, टॉर्चच्या काचा पाहिल्या. मग आत जाऊन मशीनखालचा ठोकळा ओढून आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा पुन्हा शेडमधून हलला, तर या घरातून मी हलले म्हणून समजा," ती म्हणाली, आणि तिथेच बसून रडायला लागली.

त्याने मान खाली घातली. ठोकळ्यावरून कितीतरी वेळ हात फिरवला. मला वाटलं, सुधारला. मग तो उठला, कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर लिहिलं: १४. जॅक.

सध्या मी एका फुटक्या बादलीत पडून आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. हातातलं काम संपवा, मगच दुसऱ्याला हात घाला. आणि जो तुमचा भार उचलतो, त्याच्याकडे तो कोसळायच्या आधी एकदा वाकून बघा. माझी काळजी करू नका. माझाही नंबर लागेल. माझ्या आधी फक्त तेरा कामं आहेत.