सात ते आठ

टेपसाहेबांना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे नाव काही त्यांना सोडत नव्हतं. शहराच्या पोटातून जाणारा महामार्ग आखला गेला तेव्हा दक्षिणेकडून मोजत येणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख होते. घरी नवीन पडदे आले तरी आधी टेप बाहेर निघायची. असा हा माणूस रोज सकाळी आपल्या बायकोला फसवत होता, आणि तेही मोजमापात!

त्याला कारण होतं. चार महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं. पण पाय बरा होत गेला तशी ती मात्र खचत गेली. जिच्यापुढे घरात कुणाची टाप नव्हती, ती खिडकीशी बसून "आता माझं काय राहिलंय" म्हणू लागली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "आजी, ज्या दिवशी सलग एक किलोमीटर चालाल, त्या दिवसापासून मी यायची बंद."

"म्हणजे तुम्ही जन्मभर येणार," ती म्हणाली.

टेपसाहेबांनी हातातला पेपर खाली ठेवला. चेष्टा ती नेहमी करायची, पण ही चेष्टा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ते तिला महामार्गालगतच्या पायवाटेवर नेऊ लागले, नेमकं सातव्या किलोमीटरच्या दगडापाशी. "इथून त्या आठच्या दगडापर्यंत बरोबर एक किलोमीटर," असं सांगताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. कारण ते अंतर होतं सहाशे चाळीस मीटर, आणि हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असा त्यांचा समज होता.

त्याचं झालं असं. मूळ नकाशात तिथे एका जुन्या गिरणीला वळसा घालणारं मोठं वळण होतं. दोन तुकड्या दोन टोकांकडून दगड रोवत निघाल्या. दक्षिणेची एक, दोन, तीन करत, आणि उत्तरेची एकोणीसपासून उलटी. मध्येच गिरणी पाडायचं ठरलं आणि वळण रद्द झालं. तसं पत्र उत्तरेच्या तुकडीला द्यायचं काम टेपसाहेबांकडे आलं. ते गेलेही. पण तिथल्या तंबूत नोंदवही लिहायला एक नवीन मुलगी बसली होती. तिने मान वर करून "काय काम आहे?" विचारलं आणि साहेबांना काम काही आठवेना. पत्र खिशात राहिलं, शर्ट धुण्यात गेला, पत्राचा लगदा झाला. उत्तरेचे दगड जुन्याच हिशेबाने बसले आणि सगळी कसर सात आणि आठच्या मध्ये निघाली. वरिष्ठांनी विचारल्यावर साहेबांनी "मोजलंय, बरोबर आहे" असं बेधडक ठोकून दिलं. मुलीने नोंदवहीत हजार लिहिले. वर्षभराने दोघांचं लग्न झालं. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं साहेब मूग गिळून गप्प होते. त्या टप्प्यात गाडी जरा जोरात पळते असं चालकांना वाटायचं, एवढंच.

आता ती जुनी लबाडी कामाला आली होती. पहिल्या आठवड्यात एक दिव्याचा खांब, मग चार, मग निम्मा रस्ता. परवा तर तिने त्यांच्या चपलांना नावं ठेवली. टेपसाहेबांना इतकं भरून आलं की त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

आणि शनिवारी संध्याकाळी त्यांची लेक आली. ती महामार्गाच्याच कचेरीत नोकरीला. "बाबा, सगळे दगड नव्याने मोजलेत आम्ही. सात आणि आठमध्ये तीनशे साठ मीटर कमी भरले! कोणत्या शहाण्याचं काम असेल?"

शहाण्याने तिला गॅलरीत नेऊन सगळं कबूल केलं. ती आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली. "सोमवारी आठचा दगड हलणार, बाबा. खऱ्या जागी मी लाल फुली मारून आलेय."

"एक आठवडा थांब गं. ती पोचतच आलीय. दगड पुढे गेला तर पुन्हा खिडकीत जाऊन बसेल."

"माझ्या हातात असतं तर थांबले नसते का?"

म्हणजे उरला एक रविवार. सकाळी टेपसाहेब तिच्याबरोबर चालत होते, पण जीव सगळा पुढच्या दगडात. निम्म्यावर ती रेंगाळली. पुन्हा काठी टेकत निघाली आणि एकदाची दगडापाशी पोचली.

"झाला! किलोमीटर झाला!" ते जवळजवळ ओरडलेच.

तिने काठीने दगडाला टिचकी मारल्यासारखं केलं आणि पुढे चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस? आठ हा इथे."

"तो तुमचा आठ. खरा पुढे आहे, पादचारी पुलापाशी."

टेपसाहेब घाईने तिच्यामागे गेले. "काल आमचं बोलणं ऐकलंस?"

"कशाला ऐकायला हवं? तेव्हाच मी स्वतः टेप धरून मोजलं होतं. सहाशे चाळीस."

"मग हजार का लिहिलेस?"

"तुमची नोकरी गेली असती. आणि मला तुमच्याशी लग्न करायचं होतं."

मागून गाड्यांचा लोंढा गेला. तो सरल्यावर साहेबांनी विचारलं, "मग इतके दिवस माझं खोटं का ऐकून घेतलंस?"

"अहो, जन्मात एकदाच खोटं बोललात, तेही माझ्यापायी. आता दुसऱ्यांदा बोलताय म्हटल्यावर कळलं, माणूस फार घाबरलाय. म्हणून तर उठले खिडकीतून." तिने कपाळाचा घाम पुसला. "आता गप्पा पुरेत. मोजा."

ते मोजू लागले. पावलांवरून मीटर सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सातशे. आठशे. तिचा पाय ओढला जाऊ लागला, तसे ते आकडे मोठ्याने म्हणू लागले. नऊशे ऐंशीला ती दात आवळून चालत होती. साहेबांना ते बघवेना.

"हजार!" ते म्हणाले.

"वीस राहिलेत," ती म्हणाली, आणि काठी त्यांच्या हातात देऊन तिने त्यांचा दंड धरला. साहेबांनी मोजणं सोडून दिलं आणि समोरच्या लाल फुलीपर्यंत ते नुसते तिच्याबरोबर चालले.