छत्तीस चौकटींची डावी बाजू

मी कॅमेरे दुरुस्त करतो, त्यामुळे जगात काहीही बिघडलं तरी पहिला संशय मला कॅमेऱ्याचाच येतो. या खोडीपायी मी महिनाभर वाया घालवला. तो सगळा महिना माझे भाऊजी रोज शहरातून बस चालवत होते, आणि हे आठवलं की आजही मला दरदरून घाम फुटतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बावीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवत होते. फिल्मच्या कॅमेऱ्याचं वेड त्यांना मीच लावलं आणि शिष्य बघता बघता गुरूच्या पुढे निघून गेला. चौकटीच्या बाबतीत हा माणूस भयंकर काटेकोर. कोपऱ्यात नुसता कचऱ्याचा डबा डोकावला तरी बटण दाबणार नाही. एकदा एका रिकाम्या जिन्याच्या फोटोसाठी त्यांनी ताईला पाऊण तास उन्हात ताटकळत ठेवलं, कारण वरच्या पायरीवर एक मांजर बसलं होतं आणि ते त्यांना नको होतं. त्या मांजराबद्दल आणि नवऱ्याबद्दल ताई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दर दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही पाच जण माझ्या दुकानामागच्या खोलीत जमायचो. भूमिती शिकवून निवृत्त झालेले, नाकावर माशी न बसू देणारे मास्तर. दातांच्या डॉक्टरीणबाई. टपाल कचेरीतला एक कारकून, जो छत्तीस फोटोंचा रोल सहा महिने पुरवतो आणि म्हणून ज्याला आम्ही काटकसर म्हणतो. शिवाय भाऊजी आणि मी. सगळ्यांचे रोल मीच धुतो. आमचा नियम असा की निवडक फोटो आणायचे नाहीत. धुतलेल्या रोलच्या पट्ट्या एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून पूर्ण रोल एकदम छापायचा, टपालाच्या तिकिटाएवढे छत्तीस फोटो, फसलेले धरून. तो कागद टेबलावर ठेवायचा आणि बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत ज्याचा कागद त्याने तोंड उघडायचं नाही. या दुसऱ्या नियमावरून आमची तीनदा भांडणं झाली आहेत.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊजींच्या कागदावर कचऱ्याचा डबा होता. एक नव्हे, चार डबे. शिवाय अर्धा सायकलवाला, कोणाचं तरी कोपर, कुठल्याशा मुलाची पाठ. सगळं डाव्या बाजूला.

"सुटलात एकदाचे!" मास्तर खूश झाले. "इतकी वर्षं इस्त्री केल्यासारखे फोटो काढत होतात. आता कसं जिवंत वाटतंय!"

काटकसरनेही मान डोलावली. भाऊजींची पाळी आली तेव्हा ते भिंग डोळ्याला लावून बराच वेळ कागदावर वाकून राहिले.

"हा सायकलवाला तिथे नव्हता," ते म्हणाले.

"मग काय भूत आहे?" मास्तर म्हणाले. सगळे हसले, भाऊजीही हसले. मी मात्र हसलो नाही. कॅमेरा मी विकलेला होता, आणि ज्या भिंगातून बघून चौकट ठरवतात ते सरकलं असणार अशी माझी खात्री झाली होती. माझ्या हातचा कॅमेरा सरकलेला निघावा, ही मला तोंडात मारल्यासारखी गोष्ट होती.

मी कॅमेरा ठेवून घेतला आणि खोलला. भिंग केसभरसुद्धा हललेलं नव्हतं. तरीही मी ते सोडवून परत बसवलं, भिंतीवर कागद चिकटवून तपासलं आणि "होतं थोडं तिरकं" असं चक्क खोटं सांगून परत दिला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. उजवीकडे त्यांचा नेहमीचा रेखीव खांब, त्याची सावली, मोजून सोडलेली मोकळी जागा. डावीकडे उकिरडा. मास्तरांनी त्याला 'नवी शैली' असं नाव दिलं. मी भाऊजींच्या हातात माझा स्वतःचा कॅमेरा दिला आणि म्हटलं, "आता यावर काढा."

त्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी तो रोल धुतला. छापलेला कागद वाळत घातला आणि दिव्याखाली बघितला. तेच होतं. माझा कॅमेरा ठणठणीत होता, त्यांना देण्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्यावर अख्खा रोल काढला होता. मला भीती वाटायला लागली, पण कशाची ते कळेना. कळून घ्यायचं नव्हतं, असंच म्हणायला हवं.

रविवारी भाऊजी गणवेशातच आले. बाराला गाडी काढायची होती, म्हणून कपभर चहा घेऊन, काटकसरची थोडी चेष्टा करून ते साडेअकराला निघून गेले. त्यांचा कागद आम्ही त्यांच्या माघारी टेबलावर घेतला. मास्तर बोलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून कोरे कागद मागितले, त्यांच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक फोटोचा डावा भाग झाकत गेल्या.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

छत्तीसच्या छत्तीस फोटो भाऊजींचे होते. कुठे काडी इकडची तिकडे नाही. मग त्यांनी पट्ट्या उजवीकडे सरकवल्या.

"हे कोणाचे वाटतात?"

मास्तर भिंग घेऊन कागदावर वाकले.

"ही बाजू कोणी बघितलेलीच नाही," बाई म्हणाल्या. "मी दातांची डॉक्टर आहे, मला फार कळतं अशातला भाग नाही. पण दोष कॅमेऱ्यात नाही. त्यांना डावीकडचं दिसत नाहीये, आणि दिसत नाही हेही कळत नाहीये. डोळ्यात असेल, डोक्यात असेल. आजच्या आज दाखवायला हवं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते बस चालवतात ना?"

"दरवर्षी तपासणी होते त्यांची," मी कसंबसं म्हणालो. "अक्षरं वाचून दाखवतात."

"अक्षरं समोर असतात," बाई म्हणाल्या.

मी फोन लावला. वाजत राहिला. पाळीवर असताना ते फोन डेपोतल्या कपाटात ठेवतात, इतके नियमाचे पक्के. डेपोला कळवावं, असं काटकसर म्हणाला. ते बरोबरच होतं. पण त्यांच्या माघारी त्यांची नोकरी घालवायची, तीही दातांच्या डॉक्टरच्या शब्दावर? मला तेवढा धीर झाला नाही. त्यांची बस बारा वाजून वीस मिनिटांनी आमच्या चौकातून जाते. मी तो कागद खिशात कोंबला आणि पळत सुटलो.

बस आली. दार उघडलं. माझ्या पुढे काठीवाले एक आजोबा होते, ते सावकाश चढले. त्यांच्या मागोमाग मी पायरीवर पाय ठेवला आणि दार माझ्या खांद्यावर मिटलं. मी ओरडलो. भाऊजींनी मान वळवली आणि घाईने दार उघडलं.

"अरे, मेव्हणेबुवा! चोरासारखा दबकत काय चढतोस? दिसलाच नाहीस!"

एरवी मी त्यांना दोन ऐकवल्या असत्या. त्या दिवशी निमूट आत शिरलो. मी त्यांच्या शेजारी दांडी धरून उभा राहिलो. रविवार असून बस भरलेली होती. मांडीवर बाळ घेतलेली एक बाई अगदी पुढच्या बाकावर बसली होती.

"तुझा कॅमेरापण तसलाच निघाला असणार," भाऊजी समोर बघत म्हणाले. "मला न विचारता माणसं घुसतात त्यात."

चालत्या बसमध्ये ड्रायव्हरला 'तुम्हाला दिसत नाही' हे सांगायचं कसं? दचकले आणि हात हलला तर? लाल दिव्याला थांबले की सांगायचं, असं मी ठरवलं. पहिला दिवा हिरवा होता. दुसराही हिरवा. मी जीव मुठीत धरून डावीकडे बघत राहिलो. उभ्या केलेल्या गाड्या, एका गाडीचं अर्धवट उघडलेलं दार, पदपथावरून खाली उतरू पाहणारा एक माणूस. प्रत्येक गोष्ट आमच्यापासून हातभर अंतरावरून मागे गेली. ते अंतर भाऊजींनी ठेवलं होतं की आपोआप राहिलं होतं, ते मला कळायला मार्ग नव्हता. भाऊजी मजेत शीळ घालत होते.

मागच्या थांब्यापासून लाल टोपीतली एक मुलगी सायकलवरून आमच्या डाव्या अंगाने चालली होती. पुढे आम्हाला डावीकडे वळायचं होतं. आता ते मान वळवतील, मी मनात म्हणालो. बाजूचा दिवा टिकटिक करायला लागला. आता बघतील. त्यांनी आरशाच्या दिशेने डोळे नेल्यासारखं केलं आणि स्टिअरिंगचं चाक फिरवायला सुरुवात केली.

"डावीकडे! भाऊजी, थांबा! थांबा!"

ब्रेक असा लागला की उभी माणसं एकमेकांवर आदळली. बाळ किंचाळलं. मला पुढच्या काचेतून फक्त लाल टोपी दिसत होती, आणि एक क्षण तीही दिसेनाशी झाली. मग बसच्या पत्र्यावर कोणीतरी दोनदा जोरात थाप मारली, एक सणसणीत शिवी आली आणि ती मुलगी पाय टेकत टेकत सायकल घेऊन पुढे निघून गेली. धडधाकट होती. मी होतो तिथेच खाली बसलो.

"कुठून आली ती?" भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तिथे कोणी नव्हतं रे."

"मागच्या थांब्यापासून होती," मी म्हणालो. "तुमच्या बाजूलाच होती."

त्यांनी बस कडेला घेतली. मी खिशातला चुरगळलेला कागद काढून त्यांच्यासमोर स्टिअरिंगवर पसरला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका फोटोवर बोट ठेवलं.

"यात काय आहे?"

"ही काय वेळ आहे का?"

"सांगा ना, भाऊजी."

"बाग आहे. बाकडं. झाडाची सावली. स्वच्छ आलाय."

"मान वळवा. कडेला बघा. अजून डावीकडे."

त्यांनी मान वळवली. फोटोत डाव्या कडेला ताई उभी होती. ठेवणीतली ओढणी घेऊन, केस सारखे करून, हसत, कॅमेऱ्याकडे बघत. मी आदल्या दिवशी ती बघितली होती आणि भाऊजींनी अखेर बायकोचा एक तरी फोटो काढला, म्हणून मला बरं वाटलं होतं.

त्यांनी अंगठ्याने कागदाची चुरगळ सपाट केली.

"ती म्हणाली होती, माझा काढलात ना," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं, तू होतीस कुठे. मला वाटलं पाणी आणायला गेलीये. दिवसभर बोलली नाही माझ्याशी."

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, निघणार आहे का गाडी?"

भाऊजी उठले. प्रवाशांकडे तोंड करून म्हणाले, "ही गाडी पुढे जाणार नाही. सावकाश उतरा." लोक कुरकुरत उतरले. काठीवाल्या आजोबांचा हात धरून त्यांना भाऊजींनीच खाली उतरवलं. मग गाडीतल्या फोनवरून त्यांनी डेपोला कळवलं. "मला डावीकडचं दिसत नाहीये. दुसरा ड्रायव्हर पाठवा." पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं, कारण ते पुन्हा म्हणाले, "नाही, आजचं नाही. कधीपासून ते मला माहीत नाही." बावीस वर्षांत त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"काय असेल रे डोक्यात?" त्यांनी मला विचारलं.

"दाखवू या. डॉक्टरीणबाई येतायत, त्यांनी कोणाला तरी फोन केलाय." त्या येणार आहेत की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि ते खाली उतरले. मला वाटलं, हवेला उभे राहतील. पण ते बसच्या डाव्या अंगाला गेले. पुढच्या चाकापासून सुरुवात करून, मान पूर्ण वळवून, तळहात पत्र्यावर ठेवून ते एक एक पाऊल मागे सरकायला लागले. चाकाच्या वर एक ओरखडा होता. त्यांनी तो बोटाने चाचपला. दोन हातांवर अजून एक होता, लांब, त्यात निळा रंग लागलेला. मग दाराच्या मागे कमरेच्या उंचीवर एक छोटा पोचा होता. तिथे त्यांचा हात थांबला.

ही बस दोन पाळ्यांत दोघं चालवतात. ते ओरखडे त्या दुसऱ्याचेही असतील, जुने असतील, डेपोच्या फाटकाचे असतील. हे सगळं मी त्यांना सांगणार होतो.

"कोणाला लागलं नसेल ना रे?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," मी लगेच म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पत्र्यावर हात ठेवून मागच्या चाकाकडे सरकले.