टेकूचं भोक

तुम्ही खोटं लिहिलंय, साहेब. अपघाताच्या चौकशी अहवालातलं एकेक वाक्य खरं, आणि अख्खा अहवाल खोटा. हे कसं जमवतात ते मला विचारा. पोटासाठी मीही तेच करते.

स्फाक्स शहराबाहेर ग्रेम्दा रोडवरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंग काढते. आम्ही ऑलिव्ह तेलाचे अख्खे घाणे बनवतो. फळं ओतायच्या हौदापासून तेलाच्या नळापर्यंत सगळं एकाच मॉडेलमध्ये असतं, शेवटच्या नटासकट. ते सगळं एका कागदावर छापून फिटरच्या हातात दिलं तर तो मला शिव्या घालील. रेघेवर रेघ, नुसता गुंता. म्हणून ज्याला जे बसवायचं तेवढेच भाग निवडायचे, तेवढेच दाखवायचे, बाकीचे लपवायचे. लपवलेले भाग मॉडेलमध्ये असतातच. कागदावर नसतात, एवढंच.

गेल्या हंगामात आमच्या एका घाण्यावर लगदा मळायच्या टाकीचं पोलादी झाकण टेकूवरून सटकलं आणि खाली आलं. कुणाला लागलं नाही, एक बादली चपटी झाली. ती बादली आमचे मालक सी नौफल यांनी कारखान्याच्या दारात टांगली आणि मला म्हणाले, "मुफीदा, टेकूला एक पिन घाल. पुढच्या वेळी बादली नसेल तिथं."

मी घातली. टेकूला भोक पाडलं, भोकात जाडजूड पिन बसवली, मॉडेल जतन केलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

झाकणाचं ड्रॉइंग मात्र जुनंच होतं. त्यात मी कधीतरी ठरवून ठेवलं होतं: झाकण, बिजागऱ्या, टेकू, बोल्ट, एवढंच दाखव. असं एकदा ठरवलं की मॉडेलमध्ये नंतर आलेला भाग त्या ड्रॉइंगवर आपण होऊन येत नाही. ते उघडून सांगावं लागतं, ही पिनसुद्धा दाखव. मी ते सांगितलं नाही. भोक टेकूतच होतं, म्हणून ते दिसलं. पिन दिसली नाही. कोपऱ्यातली भागांची यादी दिसणाऱ्या भागांवरूनच बनते, म्हणून पिन यादीत आली नाही. यादीत नाही म्हणून कुणी घडवली नाही. सी नौफलनी सही केली, सुट्या भागांची पेटी नव्या घाण्यावर गेली.

तिथून अम्म लमजदचा फोन आला. आमचा सगळ्यात जुना फिटर, माझ्या काकांच्या वयाचा, म्हणून 'अम्म', काका.

"पोरी, तुझ्या टेकूला भोक आहे. यात काय जातं?"

"कुठला टेकू, अम्म?"

"झाकणाचा. माझी करंगळी बसते बघ. पण करंगळी इथं ठेवून मी घरी कसा येऊ?"

मी हसले. ड्रॉइंग समोर होतंच. सी नौफल तोंडात पाव कोंबून मागून चालले होते. "काय म्हणतोय म्हातारा?"

"टेकूच्या भोकात काय जातं विचारतात."

"ड्रॉइंगवर काय आहे?"

"काहीच नाही."

"मग काहीच जात नाही. आता पूर्ण मॉडेल उघडत बसू नकोस, दुपार जाईल."

खरंच जाते. पूर्ण घाणा उघडायला घेतला की आमचं मशीन आजारी म्हशीसारखं बसकण मारतं. आणि मला आठवलं नाही, साहेब. मधल्या काळात मी तीन मापांच्या टाक्यांची ड्रॉइंग काढली होती, सगळ्यांना कसली ना कसली भोकं होती. मी फोनमध्ये म्हणाले, "उचलताना हूक अडकवायला असेल, अम्म. सोडून द्या."

"असेल, का आहे?"

"आहे."

हे "आहे" माझं. सी नौफलचं नाही, मशीनचं नाही. मला माहीत नव्हतं आणि मी "आहे" म्हणाले.

त्या घाण्यावर कामाला असलेली मब्रूका टाकीच्या काठावरचा लगदा खरवडत होती तेव्हा झाकण खाली आलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. मी इस्पितळात गेले तर तिनं मला टोपलीतलं संत्रं दिलं. "सोल गं. हे आता मला जमायचं नाही."

मी सोलायला घेतलं.

"नवरा म्हणतो, बरं झालं, आता थप्पड मारशील तर लागणार तरी नाही," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसू थांबलं. "तो म्हातारा फिटर, लमजद. त्याची बोटं झडोत एकेक करून. रिकामं भोक बघितलं आणि तसंच सोडून घरी गेला! बघ तरी माणूस!"

मी फोडी सुट्या करून तिच्या डाव्या हातात देत राहिले. शिरा काढल्या, बिया काढल्या. 

तुमच्यापुढे अम्म लमजदची जबानी झाली. त्यांनी सांगितलं, भोक मला दिसलं होतं, चूक माझी. फोनचा शब्द नाही. मी त्यांना कॉफीच्या दुकानात गाठलं.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तीस वर्षं पाना धरला आणि फोनवर एक पोरगी म्हणाली म्हणून भोक उघडं टाकलं, हे सांगू? लोक हसतील." ते साखर ढवळत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "आणि तुला बोलावलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? 'आहे'?"

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन तुमच्या कचेरीत आले. आठवतंय ना? सी नौफलनी निघताना दारात अडवलं होतं. "या चपट्या बादलीखाली उभा राहून सांगतो, मुफीदा, तू तोंड उघडलंस तर कारखाना बंद पडेल." मी बादलीखालून वाकून बाहेर पडले.

तुमच्या टेबलावर मॉडेल उघडायला लावलं. तुमचा चहा संपला तरी ते उघडतच होतं. तुम्ही म्हणालात, "बाई, ती पिन मला ड्रॉइंगवर दाखवा."

"तेच तर सांगतेय, ती ड्रॉइंगवर नाही."

"सही झालेला कागद हा एकच. यात नाही ते आम्ही कसं धरायचं?"

"पण मला फोन आला होता. मी चुकीचं सांगितलं."

"फोन कागदावर आहे का?"

तेवढ्यात मॉडेल उघडलं. मी झाकण, टाकी, सगळं बाजूला करून पिन समोर आणली. तुम्ही एकदा बघितलंत. म्हणालात, "छान काढलीये." आणि उठलात.

आता अहवाल आलाय. ड्रॉइंगवर सक्षम व्यक्तीची सही होती. खरं. ड्रॉइंगमधले सर्व भाग बसवले होते. खरं. फिटरने भोक रिकामे ठेवले व तसे कबूल केले. खरं! हवे ते भाग निवडलेत, बाकीचे लपवलेत, आणि मधोमध एकटा म्हातारा उभा केलात. त्यांच्यावर खटला होणार. ऐन हंगामात एकही घाणेवाला त्यांना दारात उभं करत नाही. कॉफीच्या दुकानातही ते आता भिंतीकडे तोंड करून बसतात.

काल मी मब्रूकाच्या घरी गेले. ठरवून गेले. तिनं नेहमीप्रमाणे संत्रं पुढं केलं. ते हातात धरून मी सगळं सांगितलं. पिन, ड्रॉइंग, फोन, "आहे". वाटलं होतं, ती हाकलून देईल. डाव्या हातानं का होईना, मारेल. मारायलाच हवं होतं.

तिनं माझ्याकडे कीव करावी तसं बघितलं. "सरकारी कागदात त्याचं नाव आलंय, मुफीदा. मुलानं वाचून दाखवलं मला. तू कशाला त्याला वाचवतेस? तुझा कोण लागतो तो?"

"मब्रूका, मी खरं सांगतेय."

"तू चांगल्या मनाची आहेस. सोल ते."

आणि मी सोललं, साहेब. तिच्या तोंडच्या शिव्यासुद्धा तुम्ही मला मिळू दिल्या नाहीत. माझ्या वाटणीच्या शिव्या अम्म लमजदच्या घरी जातात आणि मला संत्रं मिळतं.

मी तुमच्या टेबलासमोर बसून, माझ्या तोंडाने, चूक माझी म्हणाले होते. तुमच्या शिपायानंही ऐकलं. मग त्या अहवालात माझं नाव का नाही? मला कुणी लपवलं, आणि कुणासाठी? उत्तर द्या.