विमलाबाईची सून

"तुम्ही भरा पाणी, बाई. पण थे हापशीले हात नाही लावणार," शकुनबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावरचा पदर घट्ट धरला.

हापशीभोवतीच्या बायका मागे सरकल्या. मारिसेलला शब्द कळले नाहीत, पण आपल्याकडे दाखवलेलं बोट कळलं. तिने दांड्यावरचा हात काढून घेतला.

"काहून नाही लावणार?" विमलाबाईंनी विचारलं.

"चीनची आहे ना थे. तिकडूनच तं आला हा रोग."

"चीनची नाही, फिलिपाईनची होय. माही सून होय. तुमच्यासंगं बसून पापड लाटले तिनं."

"तवा कोठं रोग होता?"

विमलाबाईंनी मग एकटीनेच हापसून पाण्याचे दोन्ही पितळी गुंड भरले. एक स्वतःच्या डोक्यावर घेतला, दुसरा मारिसेलच्या डोक्यावर ठेवला, आणि दोघी घरी आल्या.

मारिसेलची आणि सुगतची गाठ दुबईत पडली होती. तो एका हॉटेलात एसी दुरुस्त करायचा, ती त्याच हॉटेलात चादरींना इस्त्री करायची. लग्न नोंदवल्यावर हिवाळा सरता सरता तो तिला लाखांदूरजवळच्या आपल्या गावी घेऊन आला. रजा संपली तसा तो परतला. "माय एकटी असते, महिनाभर तिच्याजवळ राहा, मग तुझ्या मुलीला भेटायला जा," असं ठरलं होतं. मारिसेलची पहिल्या लग्नाची मुलगी फिलिपाईन्सला आजीकडे होती. तिकीटही काढलं होतं. पण विमानं बंद झाली, बस बंद झाल्या, आणि मारिसेल त्या दोन खोल्यांच्या घरात अडकली.

गावात फोनला रेंज नीट मिळायची ती बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर. ऊन उतरलं की दोघी तिथे जाऊन बसायच्या. फोन मधे दगडावर ठेवायचा. विमलाबाई मराठीत बोलायच्या, मारिसेल इंग्रजीत, आणि सुगत तिकडून दोघींचं एकमेकींना सांगायचा.

"हापशीवर बायकायनं आज लय बोललं रे तिले," विमलाबाईंनी सांगितलं.

"माय म्हणते, बायका तुला पाहून लाजतात," त्याने मारिसेलला सांगितलं.

विमलाबाईंचा आवाज चढला होता, आणि लाजण्याची गोष्ट कोणी इतक्या रागाने सांगत नाही, हे मारिसेलला कळत होतं.  तिचं बोलणंही तो आईला असंच गोड करून सांगायचा. "भात इतका वाढते की पोटात मावत नाही," असं ती म्हणाली की सुगत आईला सांगायचा, "तुझ्या हाताला चव आहे म्हणते." विमलाबाई खूश व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी वाढायच्या.

सुगतचंही दुबईत फार वेगळं नव्हतं. कामगारांच्या इमारतीला बाहेरून कुलूप होतं. जेवणाचे डबे कोणीतरी दाराशी ठेवून निघून जायचं. "आपण दोघंही परक्या मुलखात कोंडलोय," तो मारिसेलला म्हणाला. हे मात्र त्याने आईला सांगितलं नाही.

मग तो खोकू लागला. एक दिवस म्हणाला, दवाखान्यात नेतायत, दोन दिवसांत बोलतो. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

काही दिवसांनी मारिसेल भर दुपारी एकटीच पाळीवर गेली होती. सुगतच्या खोलीतल्या नेपाळी जोडीदाराचा फोन आला. तो इंग्रजीत अडखळत बोलला. मारिसेलने त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

घराकडे येताना ती शब्द शोधत होती. पाणी, भात, ये, बस, जेव, नाही. असे मोजकेच शब्द तिला येत होते. यापलीकडचं काही सांगायची वेळ आली की सुगत असायचा.

विमलाबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. तिचा चेहरा पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"काय झालं वं? पोरीची आठवण आली काय?" त्यांनी तिला जवळ बसवलं, पदराने तिचे डोळे पुसले. "रडू नको, मारी. विमान चालू होतेच आता. जाशील तू."

मारिसेलने त्यांचा हात धरला. "माय. सुगत."

"फोन आला त्याचा? बरा आहे ना?"

"सुगत नाही."

"नाही आला काय? येईन उद्या. दवाखान्यात फोन नसन देत."

"नाही, माय. सुगत नाही."

"हो वं, समजलं मले. उद्या जाऊ आपण पाळीवर." आणि विमलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मारिसेलने वर पाहिलं. भिंतीवर सुगतच्या वडिलांचा फोटो होता, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेला. तिने फोटोकडे बोट केलं.

"सुगत," ती म्हणाली. "बाबा."

पाठीवरचा हात थांबला. विमलाबाई फोटोकडे पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि तांदूळ निवडू लागल्या. निवडलेले आणि न निवडलेले एकत्र झाले तरी त्यांचा हात चालूच होता.

सुगतला तिकडेच जाळलं. इकडे कोणी आलं नाही. चुलतपुतण्या गुलाब कुंपणाबाहेर उभा राहून म्हणाला, "काकू, भंतेजीले येऊ देत नाही पोलीस." विमलाबाईंनी मेणबत्ती लावून स्वतःच त्रिशरण म्हटलं. मारिसेलने आधी छातीवर क्रूस काढला, मग जमेल तसं त्यांच्या मागून म्हटलं. शकुनबाईंनी कुंपणाच्या खांबाजवळ भात-वरणाचा डबा ठेवला आणि परत गेल्या.

दोघी तरीही ऊन उतरलं की पाळीवर जायच्या. फोन दगडावर ठेवून बसायच्या. अंधारू लागलं की उठायच्या.

पाऊस सुरू झाल्यावर मारिसेलच्या देशाच्या वकिलातीचा निरोप आला. दिल्लीहून एक विमान सुटणार होतं. गुलाबने धावपळ करून गाडीचा पास काढला. तो पास घेऊन आला तेव्हा विमलाबाईंनी त्याला कुंपणापाशी थांबवलं.

"गुलाब, राह म्हणू काय रे तिले?"

"तुमची मर्जी, काकू. पण पोरगी वाट पाहून राहिली ना तिची."

"माहीत आहे मले. म्हणून तं तुले विचारलं. तिले नाही विचारलं."

गाडी आली तेव्हा ड्रायव्हरने विमलाबाईंना लांब उभं राहायला सांगितलं. त्या लांब उभ्या राहिल्या. मारिसेल काचेआडून त्यांच्याकडे पाहत काहीतरी बोलत राहिली. तिच्या भाषेत होतं की इंग्रजीत, हेसुद्धा विमलाबाईंना कळलं नाही.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत तिचे फोन येऊ लागले. विमलाबाई बोडीलगतच्या बांधीतून कडेच्या धुऱ्यावर येत, चिखलाचा हात लुगड्याला पुसून फोन घेत.

"जेवली, मारी?"

"जेवली, माय. तू जेव?"

"जेवली."

एवढ्यावर बोलणं संपायचं. तरी फोन कोणी ठेवायचं नाही. विमलाबाई तिकडचं ऐकत बसायच्या. कधी भांड्यांचा आवाज यायचा, कधी कुत्र्याचा. एके दिवशी एका लहान मुलीचा आला. ती आईला मारतात तशा हाका मारत होती, एकसारखी, हट्टाने. मारिसेल उत्तर देत नव्हती. फोन कानाशी धरूनच होती.

विमलाबाईंनी थोडा वेळ ती हाक ऐकली. मग फोन बंद केला, पदराच्या टोकात बांधला, आणि पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, पेंढी उचलून पुन्हा चिखलात उतरल्या.