सोनाजीच्या मांडीतले धागे

प्लास्टर कापून काढलं तेव्हा सोनाजीनं आधी पायाकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि म्हणाला, "हा पाय माझा नाय."

बानाबाई पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता तिनंही पायाकडं नीट पाहिलं. उजवी मांडी डावीच्या निम्मीही राहिली नव्हती. पन्नास वर्षं मेंढरांमागं हिंडलेला हा माणूस. तीन महिन्यांपूर्वी पाचोडजवळ ओढ्याच्या दरडीवरून घसरला आणि नडगीचं हाड मोडून बसला. मेंढरं धाकट्या भावाच्या, मल्हाररावच्या हवाली करून नवराबायको औरंगाबादला आली होती आणि छावणी भागात बानाबाईच्या बहिणीकडं, दगडाबाईकडं, राहत होती.

हाड जुळलं होतं. आता दवाखान्यात रोज व्यायामाला यायचं होतं. व्यायाम करून घेणारा रामकिसन तिशीचा होता, शेंद्र्याच्या शेतकरी घरातला. त्यानं सोनाजीला गादीवर पाय लांब करून बसवलं.

"बाबा, गुडघा खाली गादीवर दाबा. मांडी आवळा."

सोनाजीनं दात आवळले, मुठी आवळल्या, मानेच्या शिरा फुगवल्या. मांडी तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तो दगडाबाईच्या उंबऱ्यावर बसला तो उठेचना.

"मेलेल्या पायात जीव कुठून आणू? मल्हाररावला निरोप धाड. म्हणावं, मेंढरं आता तुझीच."

बानाबाईनं निरोप काही धाडला नाही. चपला घातल्या आणि एकटीच दवाखान्यात गेली.

"डाक्टर, खरं सांगा," ती रामकिसनला म्हणाली. "आतलं मांस झडून गेलं का?"

तिच्या कमरेला लोकरीच्या सुताची गुंडी खोचलेली होती. रांगेत बसल्या बसल्या ती चातीवर सूत कातायची, हे रामकिसननं पाहिलं होतं.

"मावशी, ते सूत द्या बरं जरा."

त्यानं सुताचे पाच-सहा पदर एकत्र धरले. "स्नायू असा असतो. वरून एक दिसतो, पण आत जुड्या असतात. जुडीत धागे. एकेका धाग्यात आणखी बारीक धागे, डोळ्यांना न दिसणारे. बाबांचा पाय पडून राहिला म्हणून हे धागे बारीक झालेत. पण मोजाल तर जवळजवळ तेवढेच भरतील."

"म्हंजी तुटले नायत?"

"नाहीत. काम मिळालं की पुन्हा जाड होतील."

"मंग आवळत काहून नाय?"

"मेंदूचा हुकूम पोचत नाही. दुखण्याला भिऊन पायानं ऐकणं सोडलंय." मग त्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धवट घातली आणि आत सरकवली. "त्या सगळ्यात बारीक धाग्यांत दोन जाती आहेत, एक जाड नि एक पातळ. हुकूम आला की ते असे एकमेकांत सरकतात. बोटं आखूड झाली का? नाही. पण हात जवळ आले. तसाच स्नायू आखडतो."

"सरकवतं कोण?"

"जाड धाग्याला बारीक बारीक हात असतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण काय करतो? दोर धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुढं धरायचा. तसंच."

बानाबाई वाटभर स्वतःचीच बोटं एकमेकांत घालत घरी आली. सोनाजी अजून उंबऱ्यावरच होता. त्याच्यासमोर फतकल मारून तिनं सगळं सांगितलं. जुड्या सांगितल्या, धागे सांगितले, पोहरा सांगितला. मध्येच काही विसरली, तिथं आपल्या मनानं भर घातली. सोनाजी ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आगं, पण मला एक सांग. आवळायला जीव लागतो म्हणतीस. मंग मेलेलं मेंढरू लाकडावानी ताठ कसं व्हतं? त्याला कोण हुकूम देतं?"

 हे बानाबाईला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला काय ठावं? त्यालाच इचारा."

"इचारतोच," सोनाजी म्हणाला. "तुला येडं करून पाठवलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी तिच्याआधी तोच कुबड्या घेऊन तयार बसला होता.

प्रश्न ऐकून रामकिसन हातातलं काम टाकून खुर्ची ओढून बसला. "बाबा, कॉलेजात आम्हाला हे शिकवावं लागतं नि तुम्ही मेंढरं राखता राखता हेरलंत! ऐका. त्या बारीक हातांना दोर पुन्हा सोडायला ताकद लागते. ती अन्नातून, श्वासातून येते. जनावर मेलं की ती ताकद संपते. धरलेले हात धरलेलेच राहतात, म्हणून ताठ. पुढं सडायला लागलं की सुटतात."

"म्हंजी सोडायलाबी जीव लागतो?"

"सोडायलाच लागतो."

सोनाजीनं आपली बारकी मांडी चिमटीत धरून हलवली. ती लिबलिबीत होती. "ही तर ताठ नाय."

"मग मेलेली कशी म्हणता?"

सोनाजीनं मांडी पुन्हा एकदा चिमटीत धरून पाहिली. बानाबाई मात्र भिंतीकडं तोंड करून हसली.

रामकिसन तिला म्हणाला, "मावशी, तुमचा हात बाबांच्या गुडघ्याखाली ठेवा. बाबा, गादी नको, मावशींचा हात दाबा."

खोलीत आणखी चार पेशंट होते. सोनाजी कानापर्यंत लाल झाला. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यानं बायकोच्या हाताला हात लावला नव्हता. "साहेब, लोकं हायेत," तो पुटपुटला.

"दाबा की, आवो," बानाबाई म्हणाली. "लोकं कुठं काय म्हणत्यात?"

त्यानं डोळे मिटले. काहीच झालं नाही. पुन्हा एकदा, मग पुन्हा एकदा. रामकिसननं त्याला आधी चांगली मांडी आवळायला लावली, ती हातानं चाचपायला लावली, मग म्हणाला, "आता तसंच इकडं." बानाबाईचं सगळं लक्ष तळहातावर होतं. आणि अचानक तिला तिथं वजन लागलं, चिमणी बसावी तेवढंच.

"दाबलं!" ती ओरडली. "दाबलं यांनी!"

"कुठं? मला तर काय कळलं नाय."

"मला कळलं ना. दाबा आणखी."

या खेपेला गुडघ्यावरची कातडी थरथरली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बघायला आले. सोनाजी हळूच डोळे पुसत म्हणाला, "घाम लई आलाय."

त्यानंतर दोघं रोज येत राहिली. चिमणीचं वजन वाढत गेलं. महिन्याभरात सोनाजी बानाबाईचा हात इतका दाबू लागला की तीच कळवळून म्हणायची, "बास की आता!" कुबड्या गेल्या, काठी आली. निघायच्या दिवशी रामकिसननं दोन्ही मांड्या फितीनं मोजल्या. अजून तीन बोटांचा फरक होता. "भरेल सगळा?" सोनाजीनं विचारलं. रामकिसन खोटं बोलला नाही. "बराचसा. थोडा राहील."

थोडा राहिलाच. सपाटीला तो पहिल्यासारखा चाले, पण उतार आला की गुडघा कच खाई. गावी आल्यावर मल्हाररावनं मेंढरं परत आणून दिली. दुसऱ्या सकाळी मेंढरांभोवतीची जाळी, वाघूर, उघडून सोनाजी काठी घेऊन उभा राहिला. मेंढरं पुढं गेली, पण तो निघेना.

"काय झालं?" बानाबाईनं दारातून विचारलं.

"तू बी चल की माळावर," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "उतरणीला एकट्याला भ्या वाटतं."

भीती वाटते असं या माणसाच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं चूल विझवली, चार भाकरी फडक्यात बांधल्या आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन चालू लागली.